नवे पार्ट टाकूनही ब्रेक पेडल खाली जातंय? पुन्हा हवा काढण्याआधी हे बघा

पुढचे पॅड नवे, डिस्क नव्या, मागचे शू (ड्रमला आतून घासणारे) नवे, त्यांना ढकलणारे व्हील सिलिंडर नवे, ब्रेक ऑइलही ताजं. आणि एवढा खर्च करून पेडल मात्र पहिल्यापेक्षा खाली. ही तक्रार वर्षभर येत असते, पावसाळ्याच्या तोंडावर जरा जास्तच, कारण गाडीची कामं लोक तेव्हाच काढतात. अशा गाडीची कहाणीही ठरलेली. तीन-चार वेळा ब्रेकच्या लाइनमधली हवा काढून झालेली, ब्रेक ऑइलच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या, आणि शेवटी कुणीतरी "आता मास्टर सिलिंडरच बदला" असं सांगून मोकळं झालेलं.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने चाकांकडे तेल ढकलणारा पंप, खराब असूही शकतो. पण कालपर्यंत नीट चालणारा सिलिंडर पॅड बदलले म्हणून आज गेला, हे मला सहजासहजी पटत नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्या घ्या, ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, टियागो. अशा गाडीत पार्ट बदलल्यावर पेडल खाली गेलं तर माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर असतो, दुसरा हवेवर. मास्टर सिलिंडर अगदी शेवटी.

पेडल फरशीला टेकत असेल तर ट्रायलसुद्धा रस्त्यावर घेऊ नका. आणि चाक काढून काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. हे माहीत नसतं असं कुणी नाही, तरी रोज बघायला मिळतं म्हणून लिहिलं.

पेडल नीट वाचायचं कसं

बहुतेक लोक उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबतात आणि घाबरतात. इंजिन चालू असताना बूस्टर तुमच्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढवतो. उभ्या गाडीत असं दाबलं तर धडधाकट गाडीचं पेडलही बरंच खाली जातं. म्हणून परीक्षा इंजिन बंद करून घ्यायची. चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि सावकाश एकदा दाबा.

पहिल्या दाबाला पेडल खाली गेलं, पाठोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं आणि वर आल्यावर दगडासारखं घट्ट लागलं; थोडा वेळ सोडलं की पुन्हा खाली. याचा अर्थ कुठेतरी अंतर जास्त आहे. शू ड्रमपासून किंवा पॅड डिस्कपासून लांब बसलेत आणि पहिला दाब त्यांना जवळ आणण्यातच खर्च होतोय.

पंपिंग केल्यावर पेडल वर येतं खरं, पण वर आल्यावरही दाबत राहिलं तर आणखी आत जातं, सोडलं की पायाला उलट ढकलतं. हे स्पंजी पेडल. इथे हवेचा संशय रास्त आहे. मात्र हवेशिवायही पेडल असं लागू शकतं. त्याबद्दल पुढे येतंच.

पेडल चांगल्या उंचीवर थांबतं, पण पाय तसाच ठेवला तर मिनिटभरात हळूहळू बुडत जातं. मग तेल कुठेतरी निसटतंय, बाहेर नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत. ही चाचणी हलक्या पायाने घ्या. जोर जास्त दिला की झिजलेलं सीलसुद्धा भिंतीला दाबून बसतं आणि दोष लपतो.

उभ्या गाडीत सगळं उत्तम, पण दोन-चार किलोमीटर चालवल्यावर पहिला ब्रेक खाली आणि दुसरा वर: हे वेगळंच प्रकरण, त्याचं कारण डिस्कच्या डुलण्यात किंवा बेअरिंगच्या ढिलेपणात असतं. आणि पेडल उंच, घट्ट, तरीही गाडी थांबत नाही, असं असेल तर तेलाच्या लाइनमध्ये काही शोधत बसू नका. पॅडला तेल-ग्रीस लागलंय का, नव्या डिस्कवरचं गंज रोखणारं तेल न पुसताच बसवली का, किंवा बूस्टरचा पाइप निघालाय का, ते बघा.

दोन मिनिटांची चाचणी

आता ज्या चाचणीने सर्वात जास्त वेळ आणि तेल वाचतं ती. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना विटा लावलेल्या. आधी हॅण्डब्रेक पूर्ण सोडून पेडल दाबा आणि ते कुठे थांबतं ते लक्षात ठेवा. मग हॅण्डब्रेक चांगला ओढा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि पेडल पुन्हा दाबा.

हॅण्डब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला पेडल झटकन वर आलं, तर दोष मागच्या शूंच्या अंतराचा. हॅण्डब्रेकच्या केबलने शू आधीच ड्रमजवळ नेऊन ठेवले, म्हणून पेडलला ते अंतर कापावं लागलं नाही. हवा असती तर हॅण्डब्रेक ओढून ती कुठे जाणार होती? पेडलमध्ये काहीच फरक पडला नाही, तर मागच्या अंतराचा मुद्दा बराचसा निकालात निघतो आणि मग खुशाल हवेच्या मागे लागा. ही चाचणी मागे ड्रम असलेल्या गाडीसाठी आहे. मागेही डिस्क असेल तर तिच्यावर विसंबू नका.

एवढ्याशा अंतराने पेडलला इतका फरक कसा पडतो, असं वाटणाऱ्यांसाठी थोडं गणित. समजा मास्टर सिलिंडरचा आतला व्यास २०.६ मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३.३ चौरस सेंटिमीटर. मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास १७.५ मिलिमीटर धरा, म्हणजे सुमारे २.४ चौरस सेंटिमीटर. मागे दोन चाकांत मिळून चार पिस्टन. प्रत्येकाला नेहमीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त सरकावं लागलं, तर जवळपास १.९ मिलिलिटर तेल जादा लागतं. तेवढं तेल ढकलायला मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला पावणेसहा मिलिमीटर जादा जावं लागतं. पेडलचा तरफेचा गुणक चार धरला तर पायाला तो फरक सव्वादोन-अडीच सेंटिमीटर जाणवतो. शू आणि ड्रममध्ये दोन मिलिमीटर, पायाखाली एक इंच.

पुढच्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) गणित याहून कडक. ५१ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन असेल तर दोन्ही बाजूंना फक्त अर्धा मिलिमीटर जादा अंतर पेडलला तेवढंच खाली नेतं. हवेचंही तसंच. लाइनमध्ये एक मिलिलिटर हवा राहिली तर पेडल एक-सव्वा सेंटिमीटर खाली जाणार.

मागच्या ड्रममध्ये होतं काय

ड्रम वर्षानुवर्षं झिजतो तो मधल्या पट्ट्यात, जिथे शू घासतो. कडेला न झिजलेली कड उरते. जुने शूही त्या खोलगट भागात बसायला सरावलेले असतात, आणि अॅडजस्टरने, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर राखणाऱ्या यंत्रणेने, त्यांना हळूहळू बाहेर सरकवत आणलेलं असतं. आता नवे जाड शू आले. ड्रम त्यांच्यावरून बसावा म्हणून अॅडजस्टर पूर्ण आत घेतला जातो, नाहीतर ड्रम त्या कडेवर अडतो. ड्रम बसला, चाक बसलं, काम संपलं. अॅडजस्टर मात्र आतच राहिला. कड ओलांडण्यासाठी शू जितके आत घेतले, तितकंच अंतर आता खोलगट भागात शिल्लक आहे.

"सेल्फ अॅडजस्टिंग आहे, चालवता चालवता आपोआप होईल," असं यावर उत्तर मिळतं. होतंही, जर हॅण्डब्रेकची केबल ढिली असेल तर. खरी गोम इथेच आहे. शूवर हॅण्डब्रेकची एक पट्टी असते. हॅण्डब्रेक सोडल्यावर ती पट्टी मागे जाऊन आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. केबल ताणलेली असेल तर पट्टी अधांतरी राहते, अॅडजस्टरचा दांडा मोकळा होत नाही आणि त्याचे दाते पुढे सरकतच नाहीत. बरं, केबल ताणली कुणी? बहुतेक वेळा ती जुने शू झिजल्यावर हॅण्डब्रेक लागेना म्हणून ताणलेली असते. आणि नवे शू टाकल्यावरही हॅण्डब्रेक वरपर्यंत येतोय म्हणून पुन्हा थोडी ताणली जाते. अंतर शूमध्ये आणि इलाज केबलवर.

एका दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचे मालक गाडी दाखवायला आले होते. मागचं काम दुसरीकडे झालेलं, हवा दोनदा काढलेली. हॅण्डब्रेकबद्दल विचारलं तर म्हणाले, "हॅण्डब्रेक एकदम मस्त केलाय हो दादा, दुसऱ्या टकाला लागतो." तेवढ्यावरून निम्मं निदान झालं. मागची चाकं उचलून केबलचा नट सैल केला, ड्रम काढला, तर हॅण्डब्रेकची पट्टी थांब्यापासून बोटभर पुढे आलेली आणि अॅडजस्टर अगदी पहिल्या दात्यावर. तेलाच्या लाइनला हातही न लावता पेडल वर आलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी केबलचा नट पूर्ण सैल करायचा, पट्टी दोन्ही बाजूंना थांब्याला टेकली ना ते डोळ्यांनी बघायचं. मग शू सेट करायचे. दात्यांच्या चाकाचा अॅडजस्टर असेल तर ड्रम बसवून हाताने फिरवत एकेक दाता बाहेर घ्यायचा. ड्रम फिरवताना शू हलकेच घासल्याचा खसखस आवाज यावा, पण ड्रम अडू नये. सुझुकीच्या गाड्यांत असतो तसा दांडा आणि दातेरी पाकळीचा अॅडजस्टर असेल, तर तो पायाच्या ब्रेकनेच पुढे सरकतो. त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये साधारण ३० किलोच्या जोराने तीन ते दहा वेळा पेडल दाबायला सांगितलेलं असतं. कुणाला तरी आत बसवा आणि तुम्ही मागच्या चाकापाशी कान द्या: प्रत्येक दाबाला आतून टक्‌ असा बारीक आवाज येतो आणि अंतर बरोबर झालं की तो बंद होतो. एका बाजूने आवाज आला आणि दुसऱ्या बाजूने आलाच नाही, तर त्या बाजूचा ड्रम पुन्हा काढायचा. स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवलेली असते, नाहीतर डाव्या-उजव्या बाजूचे अॅडजस्टर अदलाबदल झालेले असतात. दात्यांच्या चाकाच्या अॅडजस्टरचे आटे डाव्या-उजव्या बाजूला उलट असतात. बाजू बदलली तर तो अंतर कमी करण्याऐवजी वाढवत जातो, आणि पेडल रोज थोडं थोडं खाली.

हॅण्डब्रेकची केबल या सगळ्यानंतर, सर्वात शेवटी.

ड्रममधला आणखी एक प्रकार हवेचं सोंग घेतो. जुना ड्रम झिजून आतून मोठा झालेला, नव्या शूची गोलाई मूळ मापाची. शू फक्त मधोमध टेकतो आणि जोर दिला की दोन्ही टोकांकडे वाकतो. पायाला ते हुबेहूब स्पंजी पेडलसारखं लागतं. हॅण्डब्रेकच्या चाचणीत पेडल वर येतं, पण घट्ट होत नाही. ड्रम काढून शू बघा: घासल्याची खूण फक्त मध्यावर असेल तर कारण सापडलं. काही दिवसांत शू बसतो आणि पेडल सुधारतं. कड फार मोठी असेल तर ड्रम लेथवर फिरवून घेतात, पण ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. त्याच्या पलीकडे गेलेला ड्रम फिरवायचा नाही, टाकून द्यायचा.

व्हील सिलिंडर बदलले नसतील तर त्यांच्यावरचं रबराचं टोपण स्क्रूड्रायव्हरने जरा उचलून बघा. जाड शू बसले की पिस्टन आत ढकलले जातात. आत, जिथे ते वर्षानुवर्षं गेलेच नव्हते, तिथे गंज असतो. त्या गंजावर सील घासलं की शू बदलल्यानंतर काही दिवसांतच सिलिंडर पाझरायला लागतो. कोकणात आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे फार. टोपणाखाली ओल दिसली तर सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचे.

आता हवा

पार्ट बदलताना लाइन उघडलीच नव्हती, फक्त पॅड किंवा शू बदलले, तर हवा आत शिरायला वाटच नव्हती. टाकी रिकामी झाली असेल तर गोष्ट वेगळी. कॅलिपर, होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी) किंवा व्हील सिलिंडर बदललं असेल तर हवा काढावीच लागते.

कॅलिपर बदलले असतील तर पाना हातात घेण्याआधी निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) कुठे आहे ते बघा. हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला की बहुतेक गाड्यांत सगळे बोल्ट बिनबोभाट बसतात, फक्त निपल खाली जातो. मग कितीही तेल काढा, वरचा बुडबुडा तसाच. दिवसभर हवा काढूनही पेडल न सुधारलेल्या गाडीत हे कारण निघालं की राग आणि हसू दोन्ही येतं.

पद्धत साधी, दोन माणसांची. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. आतला माणूस पेडल दाबतो आणि धरून ठेवतो, बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, बंद करतो, मगच आतला पेडल सोडतो. "दाब… धर… हं, सोड." घाई नको. धपाधप पंपिंग केलं तर मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि तो लवकर बाहेर येत नाही. फेस झालाच असेल तर तासभर चहा-पाणी करा, बुडबुडे एकत्र येतात. निपल उघडायला रिंग पाना वापरा, उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील अर्ध्या वाटेपर्यंतच जातं. पुढचा भाग गंजलेला, गाळाचा. हवा काढताना पेडल फरशीला टेकवलं की सील त्या भागावरून फिरतं आणि फाटतं. आलेली होती पॅड बदलायला आणि परत जाताना खरंच मास्टर सिलिंडर गेलेला, अशा गाड्यांमागे बऱ्याचदा हेच असतं.

क्रम गाडीच्या मॅन्युअलमधला पाळा. मॅन्युअल नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते साधारणपणे मागचं डावं. टाकीतलं तेल किमान खुणेखाली जाऊ देऊ नका; एकदा हवा आत ओढली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. व्हॅक्यूम पंपाने हवा काढणाऱ्यांना बारीक बुडबुडे संपतच नाहीत असं वाटतं. ती हवा निपलच्या आट्यांतून आत ओढली जात असते, लाइनमधून येत नसते. त्या बुडबुड्यांच्या मागे लागून लिटरभर तेल ओतणारे मी बघितलेत.

रात्रभर पेडल काठीने दाबून ठेवायचा जुना उपाय अजून चालतो. कधी कधी गुण येतो, कारण दाबाखाली बुडबुडे लहान होतात आणि काठी काढल्यावर टाकीकडे निघून जातात. पण पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेक लाइट चालू. सकाळी पेडल बरं आणि बॅटरी झोपलेली, असं नको असेल तर बल्बचा फ्यूज काढून ठेवा.

दोष नक्की कुठल्या चाकात

हवा काढून झाली, शू सेट झाले, तरी पेडल मनासारखं नाही. आता अंदाज नको, चाकं एकेक करून वेगळी काढायची. त्यासाठी गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्प लागतो, किंमत फारशी नसते. पकड किंवा व्हाइस ग्रिप थेट होजवर लावू नका, आतून रबर चिरतं. चिरा पडलेल्या जुन्या होजला क्लॅम्पही नको, तो बदलायचाच.

पुढचे दोन्ही आणि मागचे रबरी होज हलकेच बंद करा आणि पेडल दाबा. पेडल उंच आणि दगडासारखं घट्ट लागलं, तर मास्टर सिलिंडर ठणठणीत आहे, नवा विकत आणायचा विचार सोडा. सगळे होज बंद असूनही पेडल मऊ असेल किंवा बुडत असेल, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये, त्यातल्या हवेत किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये. मास्टर घट्ट निघाला तर आता एकेक क्लॅम्प सोडत चला आणि प्रत्येक वेळी पेडल दाबा. ज्याचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल एकदम घसरतं, ते चाक उघडा.

पुढचं चाक निघालं तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगून कॅलिपरकडे बघत राहा. नुसत्या डोळ्यांनी बरंच कळतं. होज फुगताना दिसतो का? कॅलिपर सरळ सरकतो की एका बाजूने कलतो? कलत असेल तर गाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) जाम आहेत किंवा वरची पिन खाली आणि खालची वर बसलीय. बऱ्याच गाड्यांत त्या दोन सारख्या नसतात. पिनला सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस लावलं तर पिनचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा जाम. पॅड ब्रॅकेटच्या खाचेत गंजावर बसलाय का, एकावर एक दोन शिम (पॅडमागच्या पातळ चकत्या) घातल्यात का, जुन्या डिस्कच्या कडेवर नवा पॅड टेकतोय का, हेही तिथेच दिसतं. यातलं काहीही असलं तरी पॅड वाकून बसतो आणि पेडल स्पंजी लागतं. हवा काढून यात काडीचाही फरक पडत नाही.

आणि ते चालवल्यावर पहिला ब्रेक खाली जाण्याचं प्रकरण. नवी डिस्क हबवरच्या गंजाच्या पापुद्र्यावर बसवली की ती किंचित तिरकी होते. फिरताना डुलते आणि दर फेऱ्याला पॅडला मागे ढकलते. पॅड मागे, पिस्टन मागे, म्हणून पुढचा पहिला दाब खाली. उभ्या गाडीत पंपिंग करून बघणाऱ्याला हे कधीच सापडत नाही. बहुतेक गाड्यांत डिस्कचं डुलणं ०.१ मिलिमीटरच्या आत हवं, काहींत ०.०५च्याही. डायल गेज नसेल तरी डिस्क काढा, हब तारेच्या ब्रशने लख्ख करा, पुन्हा बसवा आणि नट आडवे-तिरपे टप्प्याटप्प्याने आवळा. चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगचा खुळखुळाटही तपासा.

मास्टर सिलिंडर, बूस्टर, एबीएस

क्लॅम्प लावूनही पेडल बुडत असेल तर मास्टरची पाळी. टाकीतलं तेल कमी होतंय पण चाकापाशी ओल नाही, तर मास्टर आणि बूस्टरच्या जोडाखाली बोट फिरवून बघा. मागचं सील गेलं की तेल बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर थेंबही दिसत नाही. नवा मास्टर बसवणार असाल तर टेबलावर शिकंजात धरून, त्याच्या दोन्ही तोंडांना लावलेल्या नळ्या त्याच्याच टाकीत सोडून, आधी त्यातली हवा काढा. गाडीवर बसवल्यानंतर ती काढणं महाकठीण.

बूस्टरची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल मारून कडक करा, पाय दाबून ठेवा, इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा त्यातला वन-वे व्हॉल्व्ह बघा.

भारतात एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीत काम करताना टाकी कोरडी पडली किंवा एबीएसच्या युनिटची, म्हणजे मॉड्युलेटरची, लाइन उघडली, तर हवा त्याच्या आतल्या कप्प्यांत अडकते आणि पायाने पंपिंग करून निघत नाही. स्कॅनर लावून मॉड्युलेटर चालवावा लागतो. ज्याच्याकडे तो स्कॅनर आहे त्याच्याकडेच गाडी न्या, आणि टो करून न्या.

शहरात ठीक, घाटात खाली

पार्ट सगळे बदलले, पण तेल जुनंच ठेवलं, असंही होतं. शहरात पेडल उत्तम. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना मात्र अर्ध्यावर पेडल खाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणीत. गॅरेजमध्ये दाखवलं तर दोषच सापडत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० वर येऊ शकतो. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक धरून उतरलं की कॅलिपरजवळचं तेल उकळतं, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल, पेडल पुन्हा वर. इलाज म्हणजे चारही चाकांतून सगळं तेल बदलणं, नुसतं टाकीतलं नव्हे. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच वापरा, सीलबंद बाटली घ्या. अर्धी उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, हे तेल नवं असलं तरी लागू आहे.

बाटलीतलं तेल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. आणि टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा ग्रीस गेलं असेल तर पेडल दाबूही नका. ब्रेकची रबरं त्याने फुगतात, मास्टरपासून चाकापर्यंतची सगळी बदलावी लागतात आणि लाइनही धुवावी लागते.

पॅड बसायला वेळ द्या

सगळं बरोबर असूनही नव्या पॅडवर पहिले काही दिवस पेडल थोडं मऊ लागू शकतं, विशेषतः डिस्क जुन्या असतील तर. मोकळ्या रस्त्यावर मागे गाडी नाही असं बघून ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, थोडं चालवा, पुन्हा लावा. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरू नका. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतो टाळा. त्या काळात पेडल हळूहळू वर येत जायला हवं. ते तिथेच राहिलं किंवा खाली जाऊ लागलं, तर हॅण्डब्रेकच्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करा, आणि या वेळी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते टॉर्च मारून बघा. शू बसल्यावर हॅण्डब्रेक एक-दोन टक जास्त येऊ लागतो. तेव्हा केबल ताणायला जाऊ नका, आधी अॅडजस्टर बघा.